कॉईल आणि चाकाची पत्रिका

देहू म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीचा घाट, देऊळवाडा आणि पालखीचे प्रस्थान उभे राहते. ते योग्यच आहे. पण याच गावाच्या एका अंगाला चाकणची कारखानदारी आहे, दुसऱ्या अंगाला तळवडे-चिंचवडची, आणि पश्चिमेला मावळची झाडी. या तिन्हींच्या मध्ये माझे दहा बाय बाराचे दुकान आहे. वर्षातले बरेच महिने माझ्याकडे फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रे येतात. वळवाचे वारे सुटले, झाडे आडवी पडू लागली, की मात्र येतात ते चेनसॉ. पुस्तकी भाषेत त्यांना साखळी-करवत म्हणता येईल, पण आमचे लाकूडतोडे त्यांना नुसते 'कटर' म्हणतात.

या कटरच्या दुखण्यांत एक दुखणे मोठे फसवे आहे. यंत्राला ठिणगी असते, पेट्रोल असते, दाबही असतो. तरी ते धड चालत नाही. दुकानदार कार्बोरेटर बदलायला लावतो, मालक पैसे मोजतो, आणि यंत्र होते तिथेच राहते. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो : "कॉईल आणि चाक एकाच घरचे आहेत का?"

हा प्रश्न समजण्यासाठी आत काय चालते ते थोडे पाहू. कटरमध्ये ठिणगीसाठी बॅटरी नसते. दोरी ओढली की अ‍ॅल्युमिनियमचे एक ओतीव चाक फिरते. त्याला आम्ही मेकॅनिक 'मॅग्नेट' म्हणतो, कारण त्याच्या कडेत एका जागी चुंबक बसवलेला असतो. त्याच्या समोरच्या बाजूला तोल सांभाळणारे वजन, आणि अंगावर इंजिन थंड ठेवणारी पंख्याची पाती. चाकाच्या अगदी लगत कॉईल असते. तिच्या पोटात पातळ पत्र्यांची चळत आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणी : एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. चुंबक समोरून गेला की जाड तारेत करंट उपजतो. तो ऐन भरात असताना एकदम तोडला, की बारीक तारेत दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. हे तोडण्याचे काम पूर्वी पॉइंट करीत. आता कॉईलमध्येच ओतलेली चिप करते.

मौज अशी, की या विद्येचे आणि या यंत्राचे माहेर एकच आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात रॉबर्ट बॉश यांनी १८८७ साली इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला, आणि त्यांचे सहकारी होनोल्ड यांनी १९०२ साली त्याला उच्च दाबाचे रूप दिले. त्याच शहरात १९२६ साली आंद्रेआस श्टील यांनी आपला कारखाना काढला आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची करवत बाजारात आणली.

आता वेळेचा हिशेब पाहा. भरधाव कटर मिनिटाला दहा हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६६. एका फेऱ्याला एका सेकंदाचे सहा हजारांश लागतात, आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. पिस्टन वर टेकण्याआधी साधारण पंचवीस अंशांवर ती पडावी लागते. फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनला जाळ उलटा ढकलतो. दोरी हातातून हिसकली जाते, पिस्टन तापून खराब होतो. फार उशिरा पडली, तर ताकद मरते आणि उष्णता धुराड्यातून वाया जाते. म्हणजे प्रश्न ठिणगी आहे की नाही एवढाच नसून ती वेळेवर आहे की नाही, हाही असतो. आणि ती वेळ कॉईल एकटी ठरवत नाही. कॉईल आणि चाक मिळून ठरवतात.

आमच्या पट्ट्यातल्या जुन्या हातांना हे शिकवावे लागत नाही. १९६० नंतर आकुर्डीत बजाजच्या स्कूटर होऊ लागल्या. १९७२ साली चेतक आली, आणि त्याच साली पुण्याच्या कायनेटिकची लूना. या गाड्यांनी पिंपरी-चिंचवडच्या गल्लोगल्ली मॅग्नेटची शाळाच भरवली. पॉइंटच्या स्कूटरमध्ये चाकाच्या खिडकीतून गेज घालून पॉइंटची फट लावावी लागे, आणि पॉइंट उघडणारा कॅम चाकाच्या तुंब्यावरच असे. त्यामुळे पॉइंटवाल्या गाडीला इलेक्ट्रॉनिक गाडीचे चाक चालत नाही, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक होते. पेट्रोलवरची चेतक या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. जानेवारी २०२० मध्ये पुन्हा आली ती विजेवर. तिच्यात ना प्लग ना मॅग्नेट. शाळा मोडली आणि नव्या पोरांचा तो अभ्यास राहून गेला.

म्हणून तो इथे थोडक्यात सांगतो. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण असतात आणि अठरा जुळले तरी अक्षता पडतात. कॉईल आणि चाकाच्या पत्रिकेत गुण चारच, पण चारही जुळावे लागतात.

पहिला गुण पायांचा. कॉईलच्या पत्र्यांना पाय असतात आणि चुंबकाला लोखंडी टोके. पायांमधले अंतर आणि टोकांमधले अंतर यांचा मेळ हवा. स्क्रूची भोके जुळली म्हणजे पाय जुळले, असे नाही. बाजारात मात्र भोके पाहूनच "बसते, घेऊन जा" म्हणतात.

दुसरा गुण ध्रुवांचा. चाक फिरताना कॉईलसमोर आधी उत्तर ध्रुव येतो की दक्षिण? चिप एकाच क्रमाची वाट पाहत असते. क्रम उलटला तर ठिणगी भलत्या वेळी पडते, नाहीतर पडतच नाही. ही परीक्षा फुकटात होते : पोराच्या कंपासपेटीतले होकायंत्र चाकाजवळ धरा आणि सुईचे कुठले टोक आधी ओढले जाते ते पाहा.

तिसरा गुण चावीचा. चाक दांड्यावर ज्या चावीने बसते, तिच्यापासून चुंबक किती अंशांवर आहे, ते कोनमापकाने मोजा. दोन चाके दिसायला जुळी असली तरी हा कोन वेगळा असू शकतो, आणि ठिणगीची वेळ तेवढ्या अंशांनी सरकते. चावी झिजली किंवा कातरली गेली, तरी हेच होते.

चौथा गुण स्वभावाचा. काही कॉईल ठरावीक फेऱ्यांपुढे मुद्दाम ठिणगी गाळतात, म्हणजे इंजिन बेफाम होऊ नये. कमी मर्यादेची कॉईल जलद यंत्राला लावली, की ते पुरा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळते आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर जातो. मर्यादा नसलेली लावली, तर यंत्र झेपेल त्याहून जोरात पळते.

हे चार गुण जुळल्यावर उरते ते अंतर, साधारण ०.३ मिलिमीटर. कॉईलचे स्क्रू ढिले करावे, चुंबक तिच्यासमोर आणावा, मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालावा. चुंबक कॉईलला स्वतःच ओढून घेतो. स्क्रू आवळावे, कागद काढावा, आणि चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे.

या गोष्टीला माणसाच्या जिवाचा संबंध कसा पोहोचतो, ते निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी दिसले. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढे पुणे जिल्ह्यातही घुसले. मावळात झाडे घरांवर आणि रस्त्यांवर पडली. कटरला कधी नव्हे एवढी मागणी आली. पण टाळेबंदीमुळे सुटे भाग मिळत नव्हते. मग जो तो तीन मोडक्या यंत्रांचे एक करू लागला.

असाच एक मावळातला गडी ५८ सीसीचे यंत्र घेऊन आला. उजव्या हाताची दोन बोटे सुजलेली.

"मास्तर, दोनदा कार्बोरेटर बदलला, पर ह्यो काय ऐकंना. दोरी वढली की हात उपटून काढतोय. आन् गरम झाला की मधीच मरतोय."

"ठिणगी बघितली का?"

"निळीभोर हाय की!"

ठिणगी खरोखर निळीभोर होती. तिनेच सगळ्यांना फसवले होते. मी पेट्रोल काढून टाकले, चाकावर आणि अंगावर खुणा केल्या, ड्रिलने दांडा फिरवून टायमिंग लाईट लावला. ठिणगी जवळजवळ चाळीस अंश आधी पडत होती. पुलर लावून चाक उतरवले. चावी शाबूत. होकायंत्र धरले, तर ध्रुवांचा क्रम उलटा. आणि त्याच जातीच्या एका मेलेल्या यंत्राशी ताडून पाहिले, तर चुंबक बोटभर सरकलेला. चाक दुसऱ्याच घरचे होते. मेलेल्या यंत्राचे चाक आणि त्याचीच कॉईल, अशी जोडीच्या जोडी उचलून बसवली. लाईटखाली खूण सत्तावीस अंशांच्या आसपास आली. तिसऱ्या ओढीला यंत्र सुरू झाले, आणि दोरीने झटका दिला नाही.

तो गडी त्या दिवशी एका घरावर कललेला आंबा उतरवायला निघाला होता. पंधरा-वीस फुटांवर, ओल्या खोडावर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यंत्र कापाच्या मध्येच मेले, तर पान लाकडात अडकते. ते तिथेच पुन्हा सुरू करताना दोरीने उलटा हिसका दिला, तर तोल जायला दुसरे काही लागत नाही. चाळीस अंशांचा अर्थ कागदावर किरकोळ आहे. खोडावर तो फार मोठा आहे.

म्हणून ज्यांच्या घरी किंवा शेतावर असे यंत्र आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच. जुनी कॉईल काढल्यावर फेकू नका. नवी घ्यायला जाताना ती आणि चाकावरचा क्रमांक बरोबर न्या. दोन्ही बदलायची वेळ आली तर जोडीनेच घ्या. दुकानदार "बसते" म्हणाला, तर "जुळते का?" असे विचारा. आणि निळी ठिणगी दाखवून कोणी कार्बोरेटरचे बिल पुढे केले, तर पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा आणि पोराची कंपासपेटी मागवा.