बीडचा जुना लॅपटॉप, लिनक्स आणि गेम : काय चालतं, काय अडतं

या भागात जे बोललो ते इथं लिहून देतोय, कारण सेटिंगची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत. इयरफोन काढा आणि निवांत वाचा.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. अख्ख्या जिल्ह्यानं स्टेटस ठेवलं. महिना व्हायच्या आत, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याचं स्टेटस कुणी ठेवलं नाही. पण अंबाजोगाई, परळी, माजलगावात पोरापोरींकडं जे सेकंडहँड लॅपटॉप दिसतात, त्यांच्यासाठी ही बातमी मोठी आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय५ ला दारातच थांबवतात. मग दुकानदार म्हणतो, "क्रॅक मारून देतो." त्या क्रॅकसोबत आत काय काय येतं, ते त्यालाही माहीत नसतं.

दुसरा रस्ता लिनक्सचा. मोफत आहे, आणि मुक्तही आहे. दोन्ही शब्द वेगळे बरं का. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे कोड कुणीही बघू, बदलू, वाटू शकतो. नवीन असाल तर माझं मत लिनक्स मिंट. विंडोजची सवय असलेला माणूस त्यात हरवत नाही.

लिनक्स म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, व्हिडिओ चालतात का?"

चालतात. पण सुरुवातीला एखादा अडतो, आणि का अडतो ते समजून घ्या. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा असतो. आत भाजी कोणती आहे ते कोडेक ठरवतो: एच.२६४, एच.२६५, व्हीपी९. यातल्या काही कोडेकवर कंपन्यांची पेटंट असतात, म्हणून बऱ्याच लिनक्समध्ये ती आधीपासून घातलेली नसतात. मिंट टाकतानाच मल्टिमीडिया कोडेकसाठी एक चौकोन दिसतो, त्यावर टिक करा. राहिलं तर नंतर मेनूत 'साउंड अँड व्हिडिओ'मध्ये तोच पर्याय मिळतो. किंवा सरळ व्हीएलसी टाका, तो बहुतेक कोडेक स्वतःसोबतच घेऊन येतो. याच व्हीएलसीची वेबसाइट २०२२ मध्ये कित्येक महिने भारतात ब्लॉक होती. नोव्हेंबरात ती परत सुरू झाली.

आता खरी गोम. व्हिडिओ चालतो पण अडखळतो, पंखा भुर्रर्र करतो. इथं शिव्या लिनक्सला बसतात, पण कारण बहुतेक वेळा चिपमध्ये असतं. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ उलगडायची वेगळी सोय आहे, एच.२६५ ची पूर्ण सोय नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. नव्या फोनचा कॅमेरा मात्र जागा वाचवायला बऱ्याचदा एच.२६५ मध्येच रेकॉर्ड करतो. उपाय सोपा आहे: फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करा. यूट्यूबचंही तेच. तो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतो. ब्राउझरमध्ये 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की एच.२६४ मागतो. जुन्या लॅपटॉपवर फरक लगेच जाणवतो.

रील किंवा गावच्या यात्रेचा व्हिडिओ कापायला केडेनलाइव्ह घ्या, आणि त्यात प्रॉक्सी क्लिप चालू करा. म्हणजे कापताना हलकी नक्कल वापरली जाते आणि शेवटी मूळ दर्जाचा व्हिडिओ निघतो. मराठी टायटलला युनिकोड फॉन्टच वापरा. पण तुमचं पोट फ्लेक्स किंवा लग्नपत्रिकेच्या दुकानावर असेल, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी रोज लागत असेल, तर विंडोज सोडू नका. उगाच धंदा अडकेल.

आता गेम. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची धडपड १९९३ पासून, वाइन या प्रकल्पातून सुरू आहे. २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यावर प्रोटॉन उभं केलं. हा एक दुभाषा समजा: गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, प्रोटॉन ते लिनक्सला सांगतो. ग्राफिक्सचं बोलणं व्हल्कनमध्ये बदलतं, आणि चौथ्या पिढीचा लॅपटॉप इथं मार खातो. त्याच्या इंटेल ग्राफिक्सला हवं तेवढं व्हल्कन येत नाही. सहाव्या पिढीपासून गाडी रुळावर येते, पण भारी गेमची आशा तिथंही धरू नका. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' किंवा दुसरा कुठलाही गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं नाव टाका. लोकांनी कोणत्या मशीनवर कसा चालला ते लिहिलेलं असतं.

व्हॅलोरंट मात्र चालत नाही. त्याचं अँटी-चीट विंडोजच्या पार गाभ्यात बसतं, तिथं दुभाष्याचा उपयोग नाही. फोर्टनाइटचंही तेच. जीटीए ५ ची स्टोरी चालते, पण जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये नवं अँटी-चीट आल्यापासून बंद आहे. बीजीएमआय फोनवरच खेळा, तो गेम फोनसाठीच आहे. जुन्या मशीनवर मित्रांसोबत मजा हवी तर सुपरटक्सकार्ट घ्या, एकाच लॅपटॉपवर दोघं-तिघं खेळतात, नेट लागत नाही.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर टोरेंटनं उतरवा: थोडी रात्री बाराच्या आधी, उरलेली बारानंतर. मधे तुटलं तरी तिथूनच पुढं सुरू होतं. मग आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, एचरनं फाइल त्यावर लिहा, आणि लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय, आवाज आणि एक व्हिडिओ तपासा. तोवर तुमच्या विंडोजला हात लागत नाही. इन्स्टॉल करायचं ठरलंच, तर आधी फोटो आणि मार्कशीटच्या स्कॅन दुसरीकडं काढून ठेवा.