बुरशीला तोंड नाही, मग ती खाते कशी? हरभऱ्याची मर समजून घ्या

शिळ्या भाकरीवरचा बुरा, उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री आणि उभा हरभरा वाळवणारा मर रोग, ही सगळी बुरशीचीच कामं. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. पानासारखा हिरवा रंग नसल्याने उन्हावर स्वतःचं अन्नही करता येत नाही. मग ती जगते कशावर?

बुरशीचं अंग म्हणजे केसाहून बारीक धाग्यांचं जाळं. आपण आधी खातो, मग पचवतो. बुरशी आधी पचवते, मग खाते. ज्या वस्तूवर वाढते तिच्यावरच ती पाचक रस सोडते. वस्तू विरघळली की तो रस धागे शोषून घेतात. या कामाला ओल लागते. म्हणून तर कडक वाळवलेलं धान्य टिकतं आणि ओलसर पोत्याला बुरशी धरते.

काही बुरशा मेलेल्या काडीकचऱ्यावर जगतात, शेणखत कुजवायला मदत करतात. काही मुळांशी भागीदारी करतात. जमिनीतलं स्फुरद मुळांना देतात, बदल्यात झाडाची साखर घेतात.

मर रोगाची फ्युजेरियम बुरशी मात्र जिवंत पिकावर तुटून पडते. ती मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात आणि रानात ओल असूनही झाड सुकतं. खोड उभं चिरून बघा, आत काळपट तपकिरी रेघ दिसेल. ही बुरशी पिकाशिवायही जमिनीत ६ वर्षांपर्यंत तग धरते. एखादं वर्ष हरभरा टाळून भागत नाही.

काट्याने काटा

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालते, तिचं कवच विरघळवते आणि तिलाच खाते. पण तिलाही ओल आणि खाद्य हवं. कोरड्या रानात नुसती पावडर फेकली तर पैसे पाण्यात. त्यासाठी एवढं करा:

• चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना द्या.
• पेरणीआधी पाकिटावरच्या प्रमाणात बियाण्याला चोळा.
• कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात कालवू नका, मित्रबुरशीही मरेल.
• आतला माल जिवंत असतो, मुदत बघूनच घ्या.
• मर येणाऱ्या रानात विजय, दिग्विजय असे मर सहन करणारे वाण पेरा.

पीक वाळायला लागल्यावर फवारणीने ते सहसा परत येत नाही. जे करायचं ते पेरणीआधीच.