कार्यालयातील रद्दीचा बंदोबस्त

एखाद्या कार्यालयाने आपला कचरा पुनःप्रक्रियेसाठी देण्याचा संकल्प केला, की पहिली खरेदी बहुधा हिरव्या-निळ्या डब्यांची होते, फलक लागतात, परिपत्रक निघते. आणि दिवसभर कर्मचाऱ्यांनी निष्ठेने वेगळे ठेवलेले कागद व खरकटे संध्याकाळी सफाई कामगाराच्या एकाच काळ्या पिशवीत रिते होते, कारण ते पुढे नेण्याच्या दोन वाटा कोणी आखलेल्याच नसतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला कर्मचारी दुसऱ्या दिवशी डब्याचा रंग पाहण्याचे कष्ट घेत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की या योजनेची आखणी शेवटाकडून करावी. माल कोण नेणार, किती दिवसांनी नेणार आणि कोणत्या स्थितीत स्वीकारणार, हे ठरल्यावाचून एकही डबा विकत घेऊ नये.

पुण्यातील कार्यालयांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली येथे १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघून २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला. ज्या स्त्रिया एके काळी उकिरड्यावर वाकून सडलेल्या अन्नातून कागद निवडीत, त्यांच्या हाती तोच कागद कोरडा पडला तर भाव चांगला येतोच, शिवाय त्यांचे श्रम आणि आजारही घटतात. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनीही कचरा उगमापाशीच वेगळा करण्याचे आणि विक्रीयोग्य सुका माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपविण्याचे बंधन घातले.

कोरडेपणाचा हा आग्रह निव्वळ टापटिपीसाठी नाही. कागद म्हणजे वनस्पतिजन्य तंतूंचे जाळे. गिरणीत तो पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात आणि त्यातून पुन्हा कागद काढतात. वडापावचा तेलकट कागद त्यात शिरला, की तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे लगद्याचा कस उतरतो. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, त्यामुळे साधारणतः पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांतून कागद होत नाही. गोपनीय नसलेले कागदही सरसकट यंत्रात कातरले, तर हे आयुष्य आपण आणखी कमी करतो. चहाचे कागदी पेले तर कागदात धरूच नयेत, कारण त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. कार्यालयाने काचेचे पेले आणून ते विसळण्याची सोय करावी, हाच त्यावरचा खरा उपाय.

सरकारी दप्तराच्या जुन्या शिस्तीला आपण नावे ठेवतो, पण या कामी तिच्यापासून घेण्यासारखे बरेच आहे. महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग पाडतात: अ वर्ग कायम जपायचा, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, आणि ड वर्गातले कागद वर्षभराने नष्ट करायचे. ही वर्गवारी जिथे मनापासून पाळली जाते, तिथे कोणता कागद दप्तरात जायचा आणि कोणता रद्दीत, याचा निर्णय तो कागद ज्याच्या टेबलावर आहे त्याच्याकडूनच, काम पुरे होताच, होतो. खाजगी कचेऱ्यांत मात्र कागद टाकून देण्याचा अधिकार कोणाचा हेच ठरलेले नसते. कपाटे फुगत जातात आणि कधीतरी जागा बदलताना सारा पसारा एकदम, न निवडताच, बाहेर पडतो.

मांडणीची बाब थोडक्यात सांगता येते. प्रत्येक टेबलाखालची टोपली काढून घ्यावी, छपाईयंत्राजवळ फक्त कागदाची पेटी ठेवावी आणि खरकट्याचा डबा चहापानाच्या खोलीबाहेर कोठेही नसावा. एक आठवडाभर निघणारा माल जातवार तोलून वहीत नोंदविला, की किती पेट्या लागतात आणि काय मुळात कमी करता येईल, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. बिघडलेले संगणक आणि बॅटऱ्या रद्दीबरोबर देऊ नयेत. दोहोंसाठी स्वतंत्र नियम आहेत, त्यांपैकी संगणकांसाठीचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि नोंदणीकृत संस्थेकडेच हा माल सोपवावा.

एक गोष्ट मात्र योजना आखताना हटकून विसरली जाते. पुष्कळ कचेऱ्यांत रद्दीचे पैसे शिपाई आणि सफाई कामगार यांच्याकडे जातात, आणि नवी व्यवस्था येताच ती रक्कम कार्यालयाच्या खाती वळविली जाते. कार्यालयाच्या जमाखर्चात ती नगण्य, पण त्या घरांत तिच्यावर वह्या-पुस्तके येतात. ती हिरावून घेऊन त्याच माणसांकडून वर्गीकरणाचे जादा काम घेणे अन्यायाचे आहे. आपल्या कार्यालयात या योजनेसाठी समिती नेमली जाणार असेल, तर तिच्या पहिल्या बैठकीला सफाई कामगाराला आणि माल नेणाऱ्या बाईंना सन्मानाने बोलवा, आणि त्यांचे म्हणणे सर्वांआधी ऐकून घ्या.