व्हरांड्यातून दिसणारं जंगल

नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळच्या सातपुड्यात, सागाच्या उघड्या फांदीवर एक गुबगुबीत पिंगळा भर दिवसा बसलेला दिसला आणि तीन अमेरिकी पक्षीतज्ज्ञ जागच्या जागी खिळले. वीतभराहून थोडा मोठा पक्षी. गळ्याशी आणि पोटावर पांढरा शुभ्र, छातीवर गडद तपकिरी. हा रानपिंगळा. तो नामशेष झाला असं जवळपास सगळ्यांनीच धरलं होतं. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय ओळख करून दिली. १८८४ साली खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने एक नमुना मिळवला. त्यानंतर ११३ वर्षं खात्रीची एकही नोंद नव्हती. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो पुन्हा सापडला, तेव्हा नंदुरबार जिल्हा झालाही नव्हता. शहादा धुळे जिल्ह्यातच होतं.

जंगलात मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे. रानपिंगळा इतर घुबडांसारखा रात्रीची वाट पाहत नाही. कोवळ्या उन्हात तो उघड्या शेंड्यावर येऊन बसतो. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शहरातल्या हॉटेलात आंघोळ-नाष्टा उरकून, नऊ वाजता गाडी काढून जंगलात शिरणाऱ्याला तो बहुधा दिसणार नाही. पहाटे सागाच्या रानातच ज्याचे डोळे उघडतात, त्याला दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त. मुक्कामाची जागा ठरली की काय दिसणार आणि काय निसटणार, हेही बरंचसं ठरून जातं. अनेक कुटुंबं मात्र खोलीचे फोटो, पोहण्याचा तलाव आणि जेवणाचा मेनू बघून पैसे भरतात. खिडकीबाहेर काय आहे, हे विचारायचं राहून जातं.

सुट्टीच्या जाहिरातींत ‘रेनफॉरेस्ट’ हा शब्द अलीकडे सर्रास दिसतो. चार नारळ आणि एक कारंजं असलं तरी पाटीवर तो झळकतो. खरं वर्षावन म्हणजे बारमाही हिरवं, डोक्यावर पानांचं छत धरलेलं, जमिनीशी दमट आणि अंधारं रान. जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दसपट. त्यामुळे यावल-रावेरच्या सातपुड्यात शुष्क पानझडी जंगल आहे आणि आंबोलीच्या घाटात सदाहरित. एकात मे महिन्यात पानं झडून दोनशे पावलांवरचं जनावर दिसतं, दुसऱ्यात दहा पावलांवरचा गवाही पानाआड लपतो. दोन्ही ठिकाणी राहायची जागा निवडण्याची कसोटी एकच कशी असेल?

आधी घरचं रान पाहू.

यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर, उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द. शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे, १९८६ सालचं, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं. खाली केळीच्या बागांचा हिरवा पट्टा संपतो, रस्ता चढू लागतो आणि साग, अंजन, सालई, मोह सुरू होतात. पाल हे इथलं प्रवेशद्वार. सुकी नदीच्या काठी वसलेलं हे रावेर तालुक्यातलं गाव उन्हाळ्यात खालच्या गावांपेक्षा जरा थंड असतं, म्हणून खान्देशची माणसं त्याला प्रेमाने थंड हवेचं ठिकाण म्हणतात. पाल आणि लंगडा आंबा इथे वनखात्याची विश्रामगृहं आहेत.

वनविश्रामगृह ही राहण्याची अगदी वेगळी तऱ्हा आहे, आणि खान्देशातल्या वाचकाने ती एकदा तरी अनुभवावी. या वास्तू मुळात फिरतीवरच्या साहेबांसाठी बांधलेल्या. म्हणून जागा निवडताना पाणी कुठे आहे, वारा कुठून येतो आणि किती रान नजरेत येतं, हे नीट पाहिलेलं असतं. जाड भिंती, उंच छत, समोर रुंद व्हरांडा, त्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या. खोलीत फारसं काही नसतं. टीव्ही नसला तर उत्तमच. खानसामा असेल तर शिधा आपण न्यायचा आणि संध्याकाळी किती वाजता जेवणार ते दुपारीच सांगून ठेवायचं. गरम पाणी बंबातून किंवा बादलीने मिळतं. वीज गेली तर गेली. अशा ठिकाणी पहाटे पाच वाजता व्हरांड्यात चहाचा पेला घेऊन बसलं की आधी रातव्याची ठकठक थांबते, मग रानकोंबडा बांग देतो, मग कुठेतरी वानरांची हालचाल सुरू होते. तिकीट काढून जिप्सीत बसण्याआधीच निम्मं जंगल ऐकून झालेलं असतं.

इथे एक सूचना मात्र द्यायलाच हवी. विश्रामगृहाचं आरक्षण वनखात्याच्या कार्यालयातून होतं आणि सरकारी कामासाठी कोणी आलं तर ते रद्दही होऊ शकतं. त्यामुळे लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुसरी सोय हाताशी ठेवूनच निघावं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा डोंगरातली दुपारही सोपी नसते. पण पाणवठे आटतात आणि जनावरं उरल्यासुरल्या पाण्यावर येतात, तीही याच दिवसांत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणारी प्राणिगणना याच हिशेबाने ठेवलेली असते. ज्यांना हा उन्हाळा सोसत नसेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं. प्राणी कमी दिसतील, पक्षी भरपूर दिसतील, आणि रात्री शेकोटीपाशी कळण्याची भाकरी व वांग्याचं भरीत असेल तर जेवणाची मजा काही औरच.

चाळीसगावकरांना पाटणादेवी जवळची. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा हा जळगावकडचा भाग. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख याच परिसरात सापडला. बहुतेक लोक देवीचं दर्शन घेऊन संध्याकाळी परततात. एक रात्र राहिलं तर डोंगराच्या कुशीतलं हे देऊळ गर्दी ओसरल्यावर निराळंच दिसतं.

मुक्ताईनगरच्या वढोदा वनक्षेत्रात वाघ आहेत. पूर्णेच्या काठाने, केळीच्या बागांच्या सावलीने ते ये-जा करतात, आणि मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्यांच्याच वाटेवर आहे. तिथे मोठं रिसॉर्ट नाही हे चांगलंच आहे. अरुंद वाटेवर तारेचं कुंपण आणि रात्रभर जळणारे दिवे आले की जनावराची वाट मोडते, आणि वाट मोडलेला वाघ गोठ्याकडे वळतो. प्रत्येक जंगलात पर्यटकाची खाट पडायलाच हवी, असा काही नियम नाही.

व्याघ्र प्रकल्पातच राहायचं असेल तर खान्देशाला मेळघाट जवळचा. बुऱ्हाणपूर, धारणी, हरिसाल करत गेलं की सिपना नदीच्या वळणावर, उंचवट्यावर कोलकास लागतं. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला मेळघाट एक. कोलकासला वाघ क्वचितच दिसतो, हे आधीच मनाशी धरून जावं. नदीच्या वाळूत उमटलेले ठसे, पलीकडच्या काठावरचे सांबर आणि कोरकू गावांतून येणारा ढोलाचा आवाज हे तिथलं खरं वैभव. तीन रात्री राहणाऱ्याला ते मिळतं, एका रात्रीत दोन सफाऱ्या उरकणाऱ्याला मिळत नाही. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो आणि आठवड्याची एक सुट्टीही असते. जागा पक्की करण्याआधी हे विचारून घ्यावं, नाहीतर सुट्टी कोरडी जाते.

आता वर्षावन. त्यासाठी खान्देशच्या माणसाने थेट ॲमेझॉन किंवा बोर्निओ गाठायची गरज नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव करत कोल्हापूरला जाते. धुळ्याच्या माणसाने चाळीसगावला गाडी धरायची. कोल्हापुराहून एका बाजूला राधानगरी-दाजीपूर, दुसरीकडे आजऱ्यामार्गे आंबोली. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत महाराष्ट्राची चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आंबोलीला मात्र पावसातच जावं. इथलं वन्यजीवन मुठीत मावणारं आहे. पानावर चिकटलेला हिरवा मलबारी उडता बेडूक, वेलीवर वेटोळं करून बसलेला चापडा साप, रात्री ओल्या लाकडावर फिकट हिरवं चमकणारी बुरशी. आंबोली टोड हा पट्टेदार बेडूक २००९ साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि तो जगात फक्त याच परिसरात आहे. २०२० साली हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी माशाची नवी जात मिळाली, तिला नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी तो उगम जैवविविधता वारसा स्थळ ठरला.

हे सगळं रात्री दिसतं, टॉर्च घेऊन, हळूहळू चालताना. म्हणून इथली जागा शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा: रात्री वाटाड्या मिळेल का, आणि तो इथलाच आहे का? धबधब्यासमोरचं हॉटेल टाळलेलं बरं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग आणि गाण्यांचा दणदणाट असतो. गावाच्या आतल्या बाजूचं, आवारात झाडं ठेवलेलं घर शोधावं. दुसरा प्रश्न ओलीचा. कपडे वाळवायला शेड किंवा गरम खोली आहे का? अंथरुणाला कुबट वास येतो का? खान्देशातून येणाऱ्याला चार दिवसांत कपडे वाळत नाहीत ही कल्पनाच येत नाही. तिसरा दिव्यांचा. आवारात पांढरे प्रखर दिवे रात्रभर जळत असतील, तर किडे दिव्यांवर मरतात. जळवांसाठी लांब मोजे आणि चिमूटभर मीठ पुरतं. त्यांना घाबरून कोणी पावसाळी जंगल सोडू नये.

आणखी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहावी. फोटोसाठी बेडूक किंवा साप उचलून सोयीच्या फांदीवर आणून ठेवणारे लोक आहेत. ज्या ठिकाणी पाहुण्यांसाठी असं केलं जातं, तिथे पुन्हा जाऊ नये. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवणंही तसंच. रानपिंगळ्याच्या वाट्याला ते येऊ नये, ही काळजी खान्देशाने विशेष घ्यायला हवी.

राहायच्या जागेचे पैसे कोणाच्या घरात जातात, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, तो सगळ्यांत आधी यायला हवा. पेरू देशात तांबोपाता नदीकाठी ‘पोसादा आमाझोनास’ नावाची लॉज आहे. १९९६ साली तिथल्या एसे एखा आदिवासी गावाने एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नफ्यातले साठ टक्के गावाला, चाळीस कंपनीला, आणि दरम्यान गावातली माणसं सगळी कामं शिकणार. दोन वर्षांनी लॉज उघडली. तिथल्या खोलीला एका बाजूने भिंतच नाही. पलंगावर पडल्या पडल्या समोर रान असतं. ही कल्पना सातपुड्यात का रुजू नये? पावरा, बारेला, तडवी, भिल्ल घरांमध्ये कोणतं जनावर कुठल्या नाल्याने उतरतं, मोहफुलं टिपायला अस्वल कधी येतं, हे पाठ असलेली माणसं आहेत. त्यांच्या अंगणात चार स्वच्छ खाटा, एक नीट संडास आणि गरम भाकरी एवढं जमलं, तर सुट्टीचे पैसे जंगल राखणाऱ्याच्या हातात जातील. आज तेंदूपत्त्याच्या हंगामापुरती मिळणारी रोख त्या घरात वर्षभर येऊ शकेल.

तोवर फोनवरच्या चार प्रश्नांतूनही बरंच कळतं. वाटाडे कुठल्या गावचे? पाणी कुठून येतं, टँकर लागतो का? उष्टं-खरकटं कुठे जातं? रात्री किती वाजता दिवे मालवता? ज्याला हे प्रश्न आवडतात, तो लगेच खुलून बोलू लागतो, आणि कधी कधी न विचारलेलंही सांगतो. आंबोलीच्या बाजूला जुन्या घरांमागे पाण्याची उघडी टाकी असते. पावसाळ्यात उडता बेडूक तिच्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं बांधतो, साबणाच्या फेसासारखं पांढरं, मुठीएवढं. काही मालक अळ्या होतात म्हणून टाकी झाकून टाकतात. काही जण ते पान तसंच ठेवतात आणि धुण्याभांड्यांसाठी दुसरं पिंप भरतात. मग एका रात्री मुसळधार पाऊस येतो, फेस विरघळतो, आणि कंदिलाच्या उजेडात पाहुण्यांच्या देखत बेडकाची पिल्लं एकेक करून टाकीतल्या पाण्यात टपकू लागतात.