इंजिन ऑइल : डब्यावरचे आकडे, धुराचे रंग

५डब्ल्यू-३० म्हणजे? पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि गार इंजिनात लवकर फिरतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं, ते सांगतो.

कोणतं घ्यावं? गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. एपीआय दर्जाही पाहावा : ‘एस’ने सुरू होणारा पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारा डिझेलसाठी. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात ‘दाट ते चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नये.

धूर निळा : ऑइल जळतंय. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभरच दिसला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर रेस देताना सतत दिसला, तर पिस्टन रिंगवर.

धूर पांढरा : इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, तर कूलंट जळत असण्याची शक्यता. हेड गॅस्केट तपासून घ्या.

डिपस्टिक : गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. डिझेल गाडीत ऑइल लवकर काळं पडणं मात्र नेहमीचंच. ती काजळी असते.

कॉम्प्रेशन टेस्ट : पेट्रोल इंजिनात दाब कमी भरला, तर मेकॅनिक त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलेत. तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. इंजिन उघडायला होकार देण्याआधी ही टेस्ट करून घ्यावी.