बिंदुसरेचं पाणी फिरून आपल्याच नळाला

बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणेचं पाणी माजलगावच्या धरणात अडतं आणि त्याच धरणातून बीडला पिण्याचं पाणी येतं. मोरीतून आणि संडासातून बिंदुसरेत गेलेल्या पाण्याची ही वाट प्रत्येक बीडकराने एकदा नकाशावर बोट ठेवून पाहावी. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची गरज तिथेच कळते.

2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या 1,46,709 होती. माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी, हा अभियंत्यांचा ठोकताळा धरला तर रोज दीड कोटी लिटरहून अधिक सांडपाणी होतं. नळ रोज येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ते कमी भरेल. पण पाणी जपून वापरणाऱ्या गावाचं सांडपाणी तितकंच दाटही असतं.

नदी मरते ती प्राणवायू संपल्यामुळे. पाण्यातले जिवाणू मैला, खरकटं, साबण खातात आणि खाताना विरघळलेला प्राणवायू वापरतात. 25 अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. एक लिटर सांडपाण्याला 200 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणजे हवेतून नवा प्राणवायू मिळाला नाही, तर बादलीभर सांडपाणी पंचवीस बादल्या चांगलं पाणी निकामी करतं. मग मासे मरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो.

शुद्धीकरण केंद्रात हेच जिवाणू मुद्दाम पोसले जातात. आधी जाळीवर चिंध्या, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या अडवायच्या, वाळू खाली बसू द्यायची. मग टाकीत ब्लोअरने हवा सोडायची. जिवाणू घाण खाऊन वाढतात, त्यांचा गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी क्लोरिन देऊन बाहेर सोडतात. 1914 मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते.

केंद्र नीट चाललंय का, हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळ खाली बसला, वर नितळ पाणी आलं, तर जिवाणू तंदुरुस्त आहेत. गाळ काळा आणि कुबट असला तर हवा कमी पडतेय. आणि हवा म्हणजे वीज. वीज गेली, जनरेटरला डिझेल नसलं, तर काही तासांतच टाकीतले जिवाणू गुदमरू लागतात. सरकारच्या ‘अमृत’सारख्या योजनांतून केंद्र उभं राहतं, पण ते चालवण्याचं वीजबिल आणि जाणता ऑपरेटर नगरपरिषदेलाच सांभाळावा लागतो. केंद्र बांधण्यापेक्षा चालवणं अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे.

मराठवाड्यात तर केंद्र नीट चालवणं जास्तच गरजेचं. केंद्र सरकारच्या 2017 च्या मानकांनी बीडसारख्या शहरांना लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीपर्यंतचं पाणी सोडायची मुभा दिली. बीओडी म्हणजे उरलेली घाण पचवायला लागणारा प्राणवायू. बारमाही नदीत असं पाणी मिसळून जातं. बिंदुसरेत उन्हाळ्यात मिसळायला दुसरं पाणीच नसतं. केंद्रातून बाहेर पडेल तेवढीच नदी. म्हणून इथलं पाणी मानकापेक्षा स्वच्छ हवं. तसं असेल तर ते वापरायलाही मिळेल. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, आणि आपल्या जिल्ह्यातलं परळीचं वीजकेंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

आपल्या घराची मोरी भुयारी गटाराला जोडली आहे की उघड्या नाल्याला, हे तपासा. आणि नदीत सोडलेल्या पाण्याचा बीओडी दर महिन्याला किती आला, हे नगरपरिषदेला माहितीच्या अधिकारात लेखी विचारा.