ओलं सरपण आणि बांधावरचा सल्ला



आजचा विषय संयोजकांनी दिला आहे: शेतकरी एकमेकांना लागवडीचे सल्ले देतात, त्यातून वाद होतात, ते कसे हाताळावेत? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण यात दडलेला प्रश्न फार जुना आहे. कुणाचं खरं मानायचं, आणि का मानायचं? आपल्या दर्शनकारांनी यावर शेकडो वर्षं डोकं चालवलं आहे. त्यातलं थोडं आज सोयाबीनच्या वावरात नेऊन बघू.

पूर्वी सल्ला बांधावर मिळायचा, पारावर मिळायचा, आठवडी बाजारात मिळायचा. सांगणाऱ्याचं रान काळं आहे की मुरमाड, त्याच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी असतं की नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. आता नांदेडच्या माणसाला सल्ला सांगलीहून येतो, औशाचा माणूस अर्धापूरच्या माणसाला सांगतो. ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त एक होतं. मोबाइलवर सल्ला येतो, सांगणाऱ्याचं रान सोबत येत नाही.

उदाहरण घेऊ. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली. दिवसा काडीकचऱ्याखाली, बांधाच्या ओलीत लपायचं आणि रात्री बाहेर पडायचं, हा त्यांचा क्रम. गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे अंडी घालायला प्रत्येक जण मोकळा. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळी सल्ल्यांचा पूर येतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात ठेवा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा. वेचलेल्या मिठाच्या पाण्यात टाका. बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाका. सगळे सल्ले कामाचे. आता समजा, "मिठाच्या पाण्यात टाका" हा निरोप चार तोंडांतून गेला आणि पाचव्या माणसापर्यंत पोचला तो एवढाच: "गोगलगायीला मीठ टाका." त्यानं मिठाची पोती आणून रानात फेकली. गोगलगायी मेल्या असतील, पण जमीनही खारावली. आता तो पहिल्या माणसाला शिव्या देतो. पहिला म्हणतो, मी बादलीतलं मीठ सांगितलं होतं, रानातलं नाही! दोघंही खरं बोलताहेत आणि तरी भांडण आहे.

याला न्यायशास्त्रात फार नेमका शब्द आहे: उपाधी. नैयायिकांचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. जिथं धूर तिथं अग्नी. हे बरोबर. पण उलटं करून बघा. जिथं अग्नी तिथं धूर, हे म्हणता येईल का? नाही. तापलेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. मग चुलीत धूर का होतो? सरपण ओलं असतं म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, न बोललेली अट. ती असेल तरच आगीपासून धूर. चुलीपुढं बसलेल्या आपल्या आयांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मला आज सांगायची आहे ती मुख्य गोष्ट. शेतीचा प्रत्येक सल्ला ओल्या सरपणासकट खरा असतो. सरपण काढून घेतलं की तोच सल्ला खोटा होतो. आणि दोन शेतकऱ्यांमधली जी भांडणं आपण "अनुभवाची भांडणं" समजतो, त्यातली बरीचशी दोन न सांगितलेल्या अटींची भांडणं असतात. म्हणून माणसाशी वाद घालण्याआधी अट विचारावी.

अटींसकट दिलेला सल्ला कसा असतो, तेही बघा. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक. त्यामुळं सरळ वाणाचं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं, दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरज नाही. पण नुसतं "घरचं बी पेरा" म्हणणं म्हणजे अर्धा सल्ला. कृषी विभाग आणि परभणीचं कृषी विद्यापीठ पूर्ण सल्ला देतात तो असा. शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलोच्या आसपास बी वापरा. थोडे कमी असतील तर त्या प्रमाणात बी वाढवा. फारच कमी असतील तर ते बी पेरू नका. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा. दाणा तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, म्हणून पोतं आपटू नका, थप्पी उंच लावू नका. बघा, एका सल्ल्याला किती अटी! ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण याच अटींवर घरचा वर्षाचा खर्च उभा असतो.

याची किंमत आपण २०२० मध्ये मोजली. त्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शेतकरी म्हणत होते, बियाणं खराब. विकणारे म्हणत होते, तुम्ही अपुऱ्या ओलीवर पेरलं, खोल पेरलं. त्यात आदल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०१९ मध्ये, काढणीच्या तोंडावर झालेल्या पावसात बियाण्याचं पीकही भिजलेलं होतं. कुठल्या वावरात नेमकं काय घडलं, हे ठरवायला पुरावा लागतो. ज्याच्याकडं पावती होती, पिशवी आणि टॅग होता, मूठभर शिल्लक बी होतं, पेरणीच्या दिवसाची आणि पावसाची नोंद होती, त्याचं बोलणं टिकलं. बाकीच्यांचा राग खरा होता, पण रागाला पंचनाम्यात रकाना नसतो.

आता दुसरा प्रश्न. विश्वास कुणावर ठेवायचा? सगळंच स्वतः करून बघता येत नाही. शेतीत एक प्रयोग म्हणजे एक हंगाम. माणसाच्या हयातीत चाळीस-पन्नास खरीप येतात, बस. म्हणून दुसऱ्याच्या शब्दावर चालावंच लागतं. न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याचा शब्द घ्यायचा त्याला आप्त. आपण आप्त म्हणजे नातलग समजतो, शास्त्रातला अर्थ वेगळा आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन आप्ताची ओळख सांगतो ती थोडक्यात अशी: ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढं तो म्हणतो, ही खूण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखीच लागू. म्हणजे जात बघू नका, पदवी बघू नका. दोनच गोष्टी बघा: माहीत आहे का? आणि जसं आहे तसं सांगायचं आहे का?

हे मोजमाप लावून बघा. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला पुष्कळ माहीत असतं, पण तुमचं रान त्यांनी पाहिलेलं नसतं. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला रोज शंभर शेतकरी भेटतात, पण त्याला माल विकायचा आहे. तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या सल्ल्यातला औषधाचा भाग जरा जपून घ्या, एवढंच. शेजारच्या तात्यांना तुमचं रान माहीत असतं, पण त्यांचा एकरी उतारा किती आला हे सांगताना त्यांच्या मनात मान असतो. आणि बटईनं शेत करणारी बाई, जिला कुणी विचारत नाही, तिला कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. वात्स्यायनाच्या हिशेबानं तीही आप्त.

मग वाद झालाच तर? "वाद" हा शब्द आज बदनाम झाला आहे. शास्त्रात तो चांगला शब्द आहे. बोलाचालीचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द तिथूनच आला. चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार आहेत: एक सलोख्यानं केलेली, दुसरी हरवण्याच्या इराद्यानं केलेली. दोन वैद्य भांडले तर रोगी मरतो, हे चरकाच्या परंपरेला ठाऊक होतं. दोन शेतकरी जल्पात पडले की पीक तिथंच उभं राहतं आणि अळी आपलं काम करत राहते.

जल्पाचा वाद कसा करायचा? माझ्या अनुभवात एक साधा उपाय चालतो. "तू चूक आहेस" याऐवजी "तुझं रान कसं होतं, भाऊ?" असं विचारायचं. पेरणी कधी, पाऊस किती, वाण कोणता, आधीचं पीक काय. चार प्रश्न झाले की बहुतेक वेळा दोघांनाच हसू येतं, कारण एक जण सांगत होता काळ्या रानाचं, दुसरा माळाचं. वितंडा करणाऱ्याला मात्र एकच विचारावं: बरं, मग तुम्ही काय केलं ते सांगा. त्याच्याकडं सांगायला काही असेल तर तो वादात येतो. नसेल तर गप्प बसतो.

इथं एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. काही लागवडींबद्दल उघड बोलताच येत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं कापसाचं बी जाहीरपणे पेरलं. तो सविनय कायदेभंग होता. त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध मी आज बोलणार नाही. पण असं बी चोरून घेणाऱ्याचं काय होतं बघा. पावती नाही. उगवलं नाही तर तक्रार नाही. फसलो असं चारचौघांत म्हणता येत नाही. गांजाचं तर आणखी कडक. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं त्याची लागवड आपल्याकडं गुन्हा आहे, तुरीच्या ओळीत लपवली तरीही. कॅनडात २०१८ नंतर तेच झाड लोक उघड लावतात, उघड सल्ले देतात आणि उघड भांडतातही. कायदा काय असावा, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. मला दाखवायचं आहे ते इतकंच, की जिथं कुजबुज असते तिथं वाद होऊ शकत नाही, आणि जिथं वाद नाही तिथं चूक दुरुस्त होत नाही. अफवा आणि अनुभव यांचा भाव सारखाच होतो.

आणि कुजबुज फक्त कायद्याच्या भीतीनं होत नाही. लाजेनंही होते. पैनगंगेच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, तोंडाला नीट फडकंसुद्धा नाही, आणि दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून मारण्याची पडलेली रीत. "सगळं मिसळून मारलं की एका फेरीत काम होतं" हा सल्ला देताना प्रत्येकाला दुसऱ्याचं भलंच करायचं असतं. मारून आल्यावर चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली, हे मात्र कुणी सांगत नाही. मर्दपणाला कमीपणा येतो ना!

आपण फोटो कशाचे टाकतो? झाडाला लगडलेल्या शेंगांचे. फसलेल्या रानाचा फोटो कुणी टाकत नाही. त्यामुळं ज्याचं बिघडलं त्याला वाटतं, अख्ख्या जिल्ह्यात मीच एकटा नालायक. कर्ज अंगावर असलेल्या माणसाच्या मनात हा विचार घर करून बसला तर तो कुठवर जातो, हे मराठवाड्यात कुणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून माझी विनंती आहे, तुमच्यात जो मोठा शेतकरी आहे, ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानं आपलं फसलेलं वावर आधी दाखवावं. "औंदा माझंही सात एकर गेलं, आणि ते ह्या ह्या कारणानं गेलं." हे एक वाक्य शंभर सल्ल्यांपेक्षा उपयोगी आहे. त्यात ज्ञानही आहे आणि दुसऱ्याला धीरही आहे.

तेव्हा जाताना एवढं लक्षात ठेवा. सल्ला देताना अटीसकट द्या: रान, पाणी, वाण, तारीख, प्रमाण. ऐकताना विचारा, यांना स्वतःला माहीत आहे की कुणाकडून ऐकलं? नवं काही करायचं तर आधी दोन सरींवर करा, शेजारच्या दोन सरी तशाच ठेवा आणि वहीत लिहा. आणि ज्याचं फसलं त्याची टर उडवू देऊ नका, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला वाचवणारी माहिती त्याच्याकडंच आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त विचारताना आपलं रान कसं आहे ते आधी सांगा.